स्टेअरिंगचे तीन तास आणि बाकीचे तीस
(बोदवड येथील बैठकीतील भाषण)



आज भावावर बोलायचे नाही. भावावर बोलायला बाकीचे वक्ते आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगले बोलतात. आज आम्ही जरा अडचणीच्या विषयावर बोलणार आहोत. अडचणीचा अशासाठी की या विषयात आरोपीच्या पिंजऱ्यात सरकार नाही, व्यापारी नाही, आपण उभे आहोत. ऐकून राग आला तर बैठक संपल्यावर भांडा, आम्ही चहाच्या टपरीवर थांबणार आहोत.

विषय असा. आपल्याकडे ड्रायव्हर म्हणून पगार घेणारा माणूस फार थोड्यांच्या घरी आहे. पण गाडी सगळ्यांच्याच घरची जाते. ट्रॅक्टर-ट्रॉली जाते, पिकअप जाते. ती नेतो कोण? सालदार नेतो. नाही तर धाकटा भाऊ, किंवा बारावी झालेला पोरगा. म्हणजे जो दिवसभर दुसरे काम करतो तोच रात्री चाकावर बसतो. त्याला आपण ड्रायव्हर म्हणत नाही म्हणून त्याचे तासही मोजत नाही. विचारले तर सांगतो, ‘तो कधीमधी चालवतो.’ हे ‘कधीमधी’ नेमके कधी असते? वेचणीच्या हंगामात, जेव्हा त्याच्या अंगावर बाकीचे काम सगळ्यात जास्त असते तेव्हाच.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. २०१७ चा डिसेंबर. गुलाबी बोंडअळीचे ते साल, तुम्हाला आठवत असेल. बोंडे किडली होती, जो काही कापूस हाती लागत होता तो लवकर विकून मोकळे व्हावे अशी सगळ्यांचीच घाई. आमचा सालदार सहा आखाज्या आमच्याकडे राहिलेला माणूस. त्या दिवशी पहाटे पाचला उठून त्याने बैलांचे चारापाणी केले. सातपासून वेचणीवर. बायांची गाठोडी बांधावरून उचलून आणायची, संध्याकाळी प्रत्येकीचे वजन करून द्यायचे. सहा ते नऊ ट्रॉली भरली. कापूस भरणे म्हणजे काय ते इथे सांगायला नको. तुडवून तुडवून पाय भरून येतात. मग ताडपत्री, मग दोर आवळणे. भाकर खाल्ली आणि रात्री दहाला निघाला. बाराला जिनात पोहोचला. पुढे गाड्यांची रांग. रांग थोडी थोडी सरकते, म्हणून झोपता येत नाही. झोपला तर मागचा हॉर्न वाजवतो किंवा पुढे घुसतो. दुसऱ्या दिवशी साडेबाराला ट्रॉली रिकामी झाली. एकला निघाला. दोन वाजता, भर दिवसा, कोरड्या सरळ रस्त्यावर, रिकाम्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मोरीच्या खाली गेला.

जीव वाचला. मांडीचे हाड मोडले.

पोलीस पाटलांसमोर आम्हाला विचारले गेले, ‘किती वेळ गाडी चालवत होता?’ आम्ही हिशेब केला. जाताना दोन तास, येताना एक. आम्ही सांगितले, ‘तीनच तास.’ आणि लक्षात घ्या, आम्ही खोटे बोललो नव्हतो. आम्ही कृषी पदवीधर, बियाण्याच्या उगवणीची टक्केवारी काढणारे, हेक्टरी झाडांची संख्या मोजणारे. आम्हाला हे उत्तर बरोबर वाटले. दवाखान्याच्या ओट्यावर त्याची बायको बसली होती. ती आमच्याकडे न बघता म्हणाली, ‘भाऊ, तो कालच्या पहाटचा उठेल व्हता.’

मग आम्ही परत हिशेब केला. पहाटे पाच ते दुसऱ्या दिवशी दुपारी दोन. तेहेतीस तास. स्टेअरिंगचे तीन आणि बाकीचे तीस. ते तीस तास आमच्या कुठल्याही वहीत नव्हते. तिच्या डोक्यात होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. विमा कंपनीच्या माणसाने विचारले, हा ड्रायव्हर की शेतमजूर? ड्रायव्हर असेल तर ड्रायव्हर म्हणून ठेवल्याचा कागद दाखवा. शेतमजूर असेल तर रात्री गाडीवर काय करत होता? त्याला कामाला आम्हीच पाठवले होते, आम्ही तसे सांगतही होतो, पण किती वाजता पाठवले, कशासाठी पाठवले याचा एक चिटोरा नव्हता. दोन वर्षे खेटे घातले. जे मिळाले ते खर्चाच्या निम्म्यालाही पुरले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कायद्याचे नाव काढले की आपल्याकडे लोक बिडी प्यायला बाहेर जातात, पण यात एक व्याख्या अशी आहे की ती ऐकून ठेवण्यासारखी आहे. १९६१ साली संसदेने मोटार परिवहन कामगार कायदा केला. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ९१ वाहनचालकाच्या कामाच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवते. या कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असे ठरवले होते. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन फार तर दहा आणि चोपन्न. पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विसावा, आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास सुट्टी.

पण खरी गोष्ट आहे ती ‘कामाचे तास’ या शब्दांच्या व्याख्येत. कायदा म्हणतो, ज्या वेळात माणूस मालकाच्या हुकमात असतो तो सगळा वेळ कामाचा. त्यात गाडी चालण्याचा वेळ आला, आणि शिवाय ‘दुय्यम काम’ आले. दुय्यम काम म्हणजे कोणते? गाडी भरणे, गाडी रिकामी करणे, हिशेब देणे, रजिस्टरवर सह्या करणे, गाडीची निगा आणि दुरुस्ती, गाडी ताब्यात घेणे आणि जागेवर लावणे. म्हणजे ज्याला आपण ‘बसल्या बसल्या करून टाक’ म्हणतो ते सगळे. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी हे नीट बसून लिहिले होते, आणि लिहिणाऱ्याला ट्रॉली भरणे म्हणजे काय ते ठाऊक असावे.

रांगेचे काय? तिथे मात्र कायद्याची थोडी ओढाताण आहे. ठिकाणावर नुसते हजर राहण्याचा पंधरा मिनिटांच्या आतला वेळ कामात धरला आहे. गाडी नियमात ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबली आणि त्या वेळात चालक आपल्या मर्जीने काहीही करायला मोकळा असेल, तर तो वेळ वगळता येतो. मर्जीने मोकळा, हे शब्द महत्त्वाचे आहेत. जिनाच्या रांगेत दर वीस मिनिटांनी गाडी दहा फूट पुढे घेणारा माणूस मर्जीने मोकळा आहे का? आमचे मत स्पष्ट आहे: चाकाला डोके टेकवून काढलेली डुलकी हा विसावा नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे आपल्याला लागू आहे का? प्रामाणिक उत्तर असे की बहुतेकांना नाही. १९६१ चा कायदा पाच किंवा जास्त कामगार ठेवणाऱ्या वाहतूक धंद्याला होता. आता तो व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची स्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. संहितेत दिवसाचे आठ तास आहेत, जादा कामाला दुप्पट दर आहे, दुय्यम कामाची ती व्याख्याही आहे. पण वाहतूक धंद्यासाठी माणसांची अट पाचाची दहा झाली. तुमच्या-आमच्या घरी दहा सालदार कुठले? तेव्हा सालदार रात्री गाडी घेऊन जातो तो कायद्याच्या फटीतून जातो.

आणि जिनातला माणूस? दिवसा गाठी हलवणारा, प्रेसवर उभा राहणारा गडी रात्री मालकाची गाडी घेऊन सरकी पोहोचवायला निघतो. जुन्या कायद्यात गंमत अशी होती की कारखान्यातला कामगार मोटार कामगाराच्या व्याख्येतून वगळलेला होता, कारण त्याला कारखाने कायदा १९४८ लागू. कारखान्याच्या हजेरीत त्याचे तास फाटकापर्यंत लिहिले जात. फाटकाबाहेर गाडीवर गेल्यावर ते कुणी लिहायचे? कागदावर तो घरी झोपलेला असे. आपल्यातल्या अनेकांची पोरे हंगामात जिनात कामाला जातात म्हणून हे सांगतो. त्यांना विचारा, तुझी रात्रीची खेप हजेरीत चढते का.

दुसरीकडे काय करतात तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत मालाच्या गाडीच्या ड्रायव्हरसाठी नियम असा की दहा तास सलग सुट्टी घेतल्यावर कामाला लागल्यापासून चौदा तास उलटले की चाकाला हात लावायचा नाही; त्या चौदामध्ये प्रत्यक्ष चालवायचे फार तर अकरा. आणि चौदा तास मोजायचे कुठून? गाडी सुरू केल्यापासून नव्हे, कुठलेही काम सुरू केल्यापासून. दुसऱ्या मालकाकडे पैसे घेऊन केलेले काम असले तरी ते धरायचे. जो माणूस कधीमधी गाडीवर बसतो त्याच्यासाठी तर खास तरतूद आहे: गाडी हातात देण्याआधी मालकाने त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्यायचे की मागच्या सात दिवसांत मी एकूण इतके तास काम केले आणि शेवटचा कामावरून सुटलो तो अमुक वाजता. बघा, ‘कधीमधी’वाला त्यांनी सोडला नाही, उलट त्यालाच आधी विचारले. खोटे कशाला सांगू, तिथल्याही शेतकऱ्यांनी पेरणी-कापणीच्या हंगामात शेतमालाच्या वाहतुकीला या तासांतून सूट मिळवली आहे, सुमारे २७८ किलोमीटरच्या आत. सगळीकडचे शेतकरी सारखेच.

आमच्या सालदाराला तो चौदा तासांचा नियम लावून बघा. पहाटे पाचला सुरुवात. संध्याकाळी सातला त्याचा गाडीवरचा हक्क संपला. तेव्हा तो अजून कापूस तुडवत होता.

आणि हे काही गोऱ्यांचे लाड नाहीत, शरीराचे गणित आहे. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या दोघांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग छापला. माणसांना जागे ठेवून हाताची आणि नजरेची चाचणी घेतली, आणि दारू पाजूनही तीच चाचणी घेतली. सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचा हात रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका चुकला. चोवीस तासांनी शंभर मिलिग्रॅमइतका. आपल्या मोटार वाहन कायद्यात तीस मिलिग्रॅमला गुन्हा धरतात. आमचा सालदार पहाटे पाचचा उठलेला, रात्री दहाला निघाला. म्हणजे मोजून सतरा तास. आयुष्यात दारूला न शिवलेला माळकरी माणूस. त्याला आम्ही पिलेल्याच्या बरोबरीचा करून, वर टॉर्च हातात देऊन, ‘सावकाश जा’ म्हणून पाठवले.

मागच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारले, ‘साहेब, आमचे स्वतःचे तास कोण मोजतो? आम्ही पण रात्रभर रांगेत बसलोच ना!’ प्रश्न रास्त आहे. एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली. त्या काळात केंद्रावर गाडीखाली पोते अंथरून तीन-तीन रात्री काढलेली माणसे आज इथे बसली आहेत. पुढे एकाधिकार गेला, रांग राहिली. पण त्याच प्रश्नातून उलटे उत्तर निघते. उत्पादन खर्च काढण्याची केंद्राची योजना १९७०-७१ पासून आहे, आपल्या राज्यात ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामार्फत चालते. तिच्यात घरच्या माणसांच्या श्रमाचेही तास लिहून त्याची किंमत धरतात. २०१८ च्या अर्थसंकल्पानंतर दीडपट भाव म्हणून जो देतात तो रोख खर्च अधिक घरचे श्रम एवढ्यावरच. आपले भांडण आहे की जमिनीचे भाडे आणि भांडवलाचे व्याजही धरा. बरोबर आहे. पण त्या हिशेबात जे घरचे श्रम आहेत, ते आपणच ‘जरा जाऊन आलो’ म्हणून सांगितले तर लिहिणारा काय लिहील? ज्याच्या घरी सालदाराचे तास लिहायची सवय नाही, त्याला स्वतःचेही तास सांगता येत नाहीत. आम्हाला आले नव्हते.

तरुणांसाठी एक वेगळी गोष्ट. गेल्या काही वर्षांत गावोगाव पिकअप आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की हलक्या वाहनाचे लायसन असणाऱ्याला साडेसात हजार किलोच्या आतले मालवाहू वाहन चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. चांगला निकाल आहे, पोरांचा मार्ग मोकळा झाला. पण बोदवडचा पोरगा काय करतो? सकाळी दूध घालतो, दिवसा बापासोबत कोळपे धरतो, रात्री रावेरहून केळी भरून निघतो. लायसन पक्के, झोप कच्ची. त्याचा मालक तो स्वतःच; त्याला कुणी अडवणार नाही. आई अडवते, पण तिचे कोण ऐकतो?

तर करायचे काय? आम्ही २०१८ पासून आमच्या घरी एक वही ठेवली आहे. साधी, शाळेची, आडव्या रेघांची. पहिल्या रकान्यात तारीख आणि नाव. मग त्या दिवसाचे पहिले काम किती वाजता सुरू झाले. गाडीचे नव्हे, पहिले काम, शेण काढले असेल तर शेणाची वेळ. मग गाडी किती वाजता निघाली. मग काटापावतीचा नंबर. इथे थोडे थांबतो. काट्यावर भरलेल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे वजन होते आणि दोन्हींची वेळ पावतीवर छापून येते. म्हणजे रांगेचा बहुतेक हिशेब तुमच्या खिशात फुकट आलेला असतो. आपण ती पावती पैसे मिळाले की फाडून टाकतो. फाडू नका, वहीत चिकटवा. पिकअपवाल्यांच्या फास्टॅगचा टोलवरचा वेळ मोबाईलवर येतो, तोही उतरवून ठेवा. शेवटच्या रकान्यात घरी परत किती वाजता आणि त्यानंतर झोप किती. खाली सही, अंगठा असेल तर अंगठा. ज्याचे तास त्याची सही, मालकाची नव्हे.

ही वही दोन्हीकडून उपयोगी आहे. अपघात झाला तर माणूस कामावर होता याचा तो पुरावा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत मोटारीवरचा ड्रायव्हर-क्लीनर होता तसा ट्रॅक्टरने शेती करणाराही होता. पण कामाच्या ओघात इजा झाली हे दाखवावे लागे, आणि आजही लागते. मालकाच्या बाजूने पाहिले तर, वहीत चौदा तास भरलेले दिसले की हात आपोआप किल्ली देताना थांबतो. आमचा दोनदा थांबला. तिसऱ्यांदा थांबला नाही, हेही कबूल करतो. पाऊस येणार होता आणि कापूस उघड्यावर होता.

आमच्या घरी आता एवढाच नियम आहे: गाडी भरेल तो गाडी नेणार नाही. दुसरा माणूस नसेल तर संध्याकाळी भरायची, ताडपत्री टाकून ठेवायची आणि पहाटे चारला निघायचे. नंबर मागे जातो, खरे आहे. एक खेप कमी होते, तेही खरे. म्हणून नुसती घरातली वही पुरत नाही, रांगेचेही काही करावे लागेल. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ नावाचे अॅप आणले. नोंदणी करून विक्रीची वेळ आधी ठरवायची अशी त्यात सोय आहे. अॅपच्या तक्रारी आम्हालाही ठाऊक आहेत. सातबारावर कापसाची नोंद नाही, रेंज नाही, स्लॉट मिळत नाही. पण वेळ ठरवून बोलावणे हे तत्त्व बरोबर आहे आणि तेच खासगी जिनांकडे आणि बाजार समितीकडे मागायला हवे. गाडी फाटकात आली की वेळ लिहिलेला टोकन द्या. टोकन रांगेत उभे राहील, माणूस नाही. टोकन मिळालेल्या माणसाला झोपायला एक शेड आणि पिण्याच्या पाण्याची एक टाकी, एवढे बाजार समितीला जड नाही. सेस आपल्याच मालावर मिळतो.

या मागणीचा अर्ज तयार आहे. त्याला आकडे जोडायचे आहेत, आणि ते आमच्या भाषणातून येणार नाहीत, तुमच्या काटापावत्यांतून येतील. प्रत्येक गावाने या हंगामातल्या निदान वीस खेपांच्या पावत्या आणाव्यात, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ दिसेल अशा. दादर काढणीच्या आधी त्या गोळा झाल्या तर बाजार समितीच्या पुढच्या सभेत ठेवता येतील.

आमचा तो सालदार आता गाडी चालवत नाही. पाय आखूड राहिला. आमच्याकडेच आहे, बैलांचे बघतो, आणि वही तोच लिहितो. अक्षर आमच्यापेक्षा बरे आहे. आज येताना त्याने पन्नास वह्या आखून दिल्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. एका घराने एकच घ्यावी, आणि सालदाराला सोबत आणले असेल तर त्याच्याच हातात द्यावी.